आईकडच्या पिढ्यांचा माग

बेने इस्राएल हा कोकणात शतकानुशतके राहिलेला मराठीभाषक ज्यू समाज असून त्यातील एखाद्या कुटुंबाची वंशावळ लावायची झाल्यास मुंबई-पुण्यातील शहरी नोंदी आणि पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गावदफ्तरे यांची सांगड घालावी लागते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध हाती घेतल्यापासून कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना नंबर १४ ही जन्म-मृत्यूची वही, सर्वसामान्य वाचकालाही अपरिचित राहिलेली नाही. त्या शोधात बाप, आजोबा, पणजोबा ही साखळी जुळली की काम भागते. ज्यू धर्मशास्त्र मात्र वंश आईकडून मोजते, आणि आपली जुनी दफ्तरे नेमकी तिथेच अबोल आहेत.

अशा शोधाचे जगभर रुळलेले साधन म्हणजे मायक्रोफिल्म, म्हणजेच कागदपत्रांची अतिसूक्ष्म छायाचित्रे ओळीने टिपलेली, बहुधा ३५ मिलिमीटर रुंदीची फीत. ती वाचनयंत्रावर चढवून, हँडल फिरवत, पडद्यावर मोठे झालेले पान वाचावे लागते. मूळ कागदाला हात लागत नाही हा तिचा लाभ, तर चित्रीकरणाच्या वेळी दुमडलेला राहिलेला कोपरा फितीवर कायमचा दुमडलेलाच राहतो, ही तिची मर्यादा. अमेरिकेच्या युटा राज्यातील मॉर्मन पंथीयांच्या वंशावळी संस्थेने १९३८ पासून असे चित्रीकरण चालवले आणि सुमारे २४ लाख रिळे जमवली, ज्यांत हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही आहेत. रिळे बाहेरगावी पाठवण्याची तिची सेवा २०१७ मध्ये थांबली आणि २०२१ पर्यंत संग्रहाचे डिजिटल रूपांतर पुरे झाले. युरोपातील ज्यू कुटुंबांना शहरांच्या जन्म-विवाह नोंदींची अशी रिळे फार उपयोगी पडली. बेने इस्राएलांचे काम एवढ्यावर भागत नाही.

पहिली अडचण नावांची आहे. १७९६ मध्ये मुंबईतील पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिर, बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर हे समाजी हसाजी या नावानेही ओळखले जात. तेव्हा मोडी कागदात समाजी वाचणाऱ्याच्या मनात सॅम्युएल नसेल, तर नोंद डोळ्यांखालून निसटते. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारचा विसावा यांमुळे या समाजाला ‘शनिवार तेली’ म्हणत, पण नोंदीत नुसते ‘तेली’ असल्यास ज्यू कोण आणि हिंदू कोण, हे ठरत नाही. त्यातल्या त्यात आधार आडनावाचा: नवगावकर, पेणकर, अष्टमकर ही नावे शहरातल्या नोंदीवरून थेट मूळ गावाकडे बोट दाखवतात, आणि एका अर्थी प्रत्येक घराचा पत्ता त्याच्या आडनावातच जपलेला असतो. तो पत्ता अर्थातच पुरुषाचा.

कारण ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, या जुन्या दफ्तरी रीतीत लग्न झालेल्या स्त्रीचे माहेर पुसलेच जाते. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मंडळाने तिथे स्थलांतरित झालेल्या बेने इस्राएल वधूवरांच्या विवाहापूर्वी आईकडील पूर्वजांची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचा आदेश काढला, तेव्हा या समाजाकडे जो पुरावा मागितला गेला तो देण्याची सोय मराठी मुलखातल्या कोणत्याच दफ्तराने केलेली नव्हती. मागणीच मुळात अन्यायाची होती. १९६४ मध्ये जेरुसलेमला झालेल्या निदर्शनांनंतर आदेशातून समाजाचा नामोल्लेख काढावा लागला.

उरतो तो केतुबा, म्हणजे ज्यू विवाहाचा लेखी करार. त्यातही वधूच्या आईऐवजी तिच्या वडिलांचे नाव असते, म्हणून शोधकाला एका करारातून वधूपित्याचे नाव घेऊन त्याच्या स्वतःच्या लग्नाचा करार गाठावा लागतो, तिथून त्याच्या पत्नीच्या वडिलांचा, आणि असे दर पिढीला आडनाव, गाव व बहुधा सिनेगॉगही बदलत, पुण्याच्या रास्ता पेठेतून अलिबागेस, तिथून पनवेलला, मागे मागे जावे लागते.