तिसऱ्या दिवशीची मांजरं

मागच्या पावसाळ्यात आमचा बोका कपाटामागे जाऊन बसला. दोन दिवस त्यानं ताटलीला तोंड लावलं नाही. गारठला असेल म्हणून आम्ही गोधडी अंथरली. तिसऱ्या रात्री खोलीभर सडका, गोडसर वास सुटला. मानगुटीवरचं गळू फुटलं होतं. ते तिथे आहे हे घरातल्या चौघांपैकी एकालाही कळलं नव्हतं. बोका वाचला, पण तो वास माझ्या डोक्यातून गेला नाही. म्हणून यंदा पाऊस लागल्यावर, डॉक्टरांची परवानगी घेऊन, कोल्हापुरातल्या एका प्राण्यांच्या दवाखान्यात आठवडाभर जाऊन बसले.

दवाखाना दोन खोल्यांचा. आत डॉक्टर, बाहेरच्या टेबलाशी मामा. मामांचं उभं आयुष्य गुरांच्या दवाखान्यात गेलं, तरी हात असा की चवताळलेलं मांजरही टॉवेलात गुंडाळलं की निम्मं शांत होतं. ते बोलत नाहीत. बोटांची टोकं केसांच्या उलट दिशेनं फिरवत जातात, मान, खांदा, पुढचे पाय, पाठ. एके ठिकाणी बोटं थांबतात, मागे येतात, पुन्हा थांबतात. "हितं." मला तिथे नुसते केस दिसत असतात. ट्रिमर फिरतो आणि खाली मोहरीएवढी खपली निघते. भोवतीची कातडी लालभडक, हाताला गरम, दाबली तर पिठाच्या गोळ्यासारखी मऊ.

"तिसऱ्या दिवशीच आणत्यात सगळी," मामा म्हणाले. आठवडाभरात हे वाक्य मी किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही.

तिसराच दिवस का, ते डॉक्टरांनी समजावलं. मांजराचा सुळा बारीक आणि अणकुचीदार. तो खोल घुसतो आणि तोंडातले पाश्चुरेला जातीचे जंतू आत सोडून येतो. वरचं भोक लगेच मिटतं, आत पू धरू लागतो. दोन ते चार दिवसांत गळू तयार. तोवर मालकाला दिसतं एवढंच, की मांजर कोपरा धरून बसलंय, लंगडतंय, एकच जागा चाटतंय, उचललं तर गुरगुरतंय. दुखणं लपवणं ही त्याची जातच आहे. चावा कुठे आहे त्यावरून भांडण कसं झालं तेही कळतं. तोंडावर किंवा पुढच्या पायावर असेल तर समोरासमोर झुंजलेलं. एका पांढऱ्या भाटीच्या शेपटीच्या बुंध्याशी मामांची बोटं थांबली तेव्हा ते हळूच म्हणाले, "ही पळत हुती बिचारी."

तिचा ताप १०४ फॅरनहाइट निघाला. निरोगी मांजराचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ असतं. भूल दिली, चिरा दिला, आणि तोच वास आला. मला दाराशी जाऊन उभं राहावं लागलं. मामा जागचे हलले नाहीत. एका हातानं भाटीचं डोकं धरून दुसऱ्या हातानं गॉज पुढे करत राहिले. डॉक्टर सिरिंजनं सलाईन आत सोडत होते, पुन:पुन्हा, बाहेर येणारं पाणी नितळ होईपर्यंत. मालकीणबाईंनी टाके घालायला सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. टाका घातला की पू आतच राहील, जखम आतून भरत वर आली पाहिजे. मग अँटिबायोटिक, दुखणं कमी करणारं इंजेक्शन आणि गळ्यात कोन. हा कोन लोक दयेपोटी घरी जाऊन काढतात. मांजराची जीभ काट्यांची असते, रात्रभर चाटलं की भरत आलेली जखम पुन्हा उघडी.

घरगुती इलाजांबद्दल मला आता जराही ममता उरलेली नाही. एकाच्या जखमेत हळद-खोबरेलाचा लगदा केसांसकट वाळून बसला होता. तो भिजवून काढेपर्यंत बोका कण्हत होता. फिनाईलसारखी औषधं मांजर चाटून पोटात घेतं आणि ती त्याला विषारी असतात. पावसात जखमेत अळ्या पडल्या की लोक टर्पेंटाइन ओततात. सगळ्यात वाईट म्हणजे आपली पॅरासिटामॉल. ती निकामी करण्याची ताकद मांजराच्या यकृतात नाही. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जीव घेऊ शकते. डॉक्टर प्रत्येकाला विचारतात, "घरी काही दिलंय का? ५०० ची गोळी?" विचारताना नजर मालकाच्या चेहऱ्यावरून हटत नाही.

गुरुवारी एका बोक्यानं मामांचा हात फाडला. त्यांनी आधी बोका पिंजऱ्यात ठेवला, मग नळाखाली साबण लावून १५ मिनिटं हात धुतला. रेबीजच्या लसी त्यांनी आधीच घेतलेल्या आहेत, तरी डॉक्टरांनी पुढच्या डोससाठी लगेच पाठवलं. तासाभरात ते पट्टी बांधून परत टेबलाशी.

शनिवारी एक शाळकरी पोरगा पिशवीत मांजर घेऊन आला. जखम काही नाही, म्हणाला, फक्त आज ओट्यावर उडी मारत नाही. मामांची बोटं खांद्यापाशी थांबली. ट्रिमर फिरला. शेजारी शेजारी दोन भोकं, अजून ओली.

"कवा भांडलं रे?"

"काल रात्री. आवाज आला होता."

मामांनी त्या पोराकडे नीट बघितलं. मग आतल्या खोलीकडे मान वळवून, एरवी कधी चढत नाही इतक्या मोठ्या आवाजात ओरडले, "डॉक्टर, कालचंच हाय!"