एका काउंटीवर सहाशे पानं!

'द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी' बहुतेकांना माहीत असतं, निदान १९९५च्या सिनेमामुळे तरी. रॉबर्ट जेम्स वॉलरची ही कादंबरी १९९२ची. आयोवातल्या शेतावर राहणारी फ्रान्चेस्का आणि छपराच्या लाकडी पुलांचे फोटो काढायला आलेला रॉबर्ट यांची चार दिवसांची प्रेमकथा. पात्रं काल्पनिक आहेत, पूल मात्र खरे. पावसाने लाकूड कुजू नये म्हणून त्यांच्यावर छप्पर घालत.

पण एखाद्या काउंटीवरचं माझं सगळ्यात लाडकं पुस्तक वेगळंच आहे. विल्यम लीस्ट हीट-मूनचं 'प्रेअरीअर्थ' (१९९१). विषय एकच, कॅन्ससमधली चेस काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. पुस्तक आलं तेव्हा इथे वस्ती जेमतेम तीन हजार आणि चहूकडे उंच गवताची कुरणं. लेखकाने नकाशावर काउंटीचे बारा चौकोन पाडले आणि एकेक चौकोन पायी तुडवला. शेतकरी, गुराखी, जुन्या नोंदी, या जमिनीवरून हुसकावलेले कॉ लोक, चुनखडीचे दगड, १९३१चा विमान अपघात, सगळं त्यात येतं. अशा ओसाड वाटणाऱ्या मुलखात सांगण्यासारखं काय असणार, हा प्रश्न पन्नासेक पानांतच विरून जातो. स्थानिक इतिहास इतक्या मायेने लिहिलेला मी क्वचितच वाचलाय.

एखाद्या काउंटीच्या इतिहासाची काळी बाजूही वाचायची असेल, तर डेव्हिड ग्रॅनचं 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' घ्या. ओक्लाहोमातल्या ओसेज काउंटीत १९२०च्या दशकात तेलाच्या पैशासाठी झालेल्या ओसेज लोकांच्या खुनांची ही सत्यकथा.

एकच वाचणार असाल, तर 'प्रेअरीअर्थ' वाचा. नकाशा शेजारी ठेवून, सावकाश.