कॅमेरा घ्या, पण मेगापिक्सेलला भुलू नका

२०२० च्या टाळेबंदीत बैठका कॅमेऱ्यावर आल्या, त्या आल्याच. पैठण असो वा सोयगाव, तालुक्याची 'व्हीसी' लागली की ग्रामपंचायतीत धावपळ उडते. साहेब दिसतात; साहेबांना मात्र आपलं तोंड काळंच दिसतं!

दुकानदार खोक्यावरचे मेगापिक्सेल दाखवील. स्वस्त मालात तो आकडा पुष्कळदा फुगवलेला असतो. विचारायचं ते '७२० की १०८०?' बैठकीला ७२० पुरे. त्याहून भारी चित्र गावच्या कमजोर लाइनवर अडकतं. माइक आतच असलेला पाहावा.

खरी गोम फोकसची. स्वस्त कॅमेऱ्याचा फोकस कायमचा बांधलेला असतो. हातभर अंतरावरचा माणूस बरा दिसतो. पण कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञाला मोसंबीचं पान किंवा कपाशीचं किडकं बोंड जवळ धरून दाखवायला जा, नुसता धुरळा! पीक दाखवायचं तर ऑटोफोकसचाच घ्यावा. तेवढे पैसे नसतील तर त्या वेळेपुरता मोबाइलच बरा.

बसताना खिडकी पाठीमागे नको, तोंडासमोर हवी. निम्मा काळेपणा तिथंच जातो, फुकटात. दुकानातच जोडून, बोलून बघावं. पंचायतीसाठी असेल तर पक्कं जीएसटी बिल घ्यावं, ऑडिटला लागतं.