कांदापट्टी आणि ग्राफिक्स कार्ड

विंचूरच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव आटोपला की शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. घरातली मोठी खरेदी त्या कागदावर ठरते, मग ती ठिबकची असो की कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या गेमिंग पीसीची. गेल्या दहा-बारा वर्षांत या पीसीत पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा, याचं गणित अनेकदा बदललं.

2014 साली आलेल्या जीटीएक्स 750 टीआय कार्डाला 60 वॉट पुरत. ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड पीसीतही ते चालून जाई. ऑक्टोबर 2016 मध्ये आलं 1050 टीआय: 75 वॉट, 4 जीबी मेमरी. पाठोपाठ जानेवारी 2017 मध्ये इंटेलचा पेंटियम जी4560 प्रोसेसर आला, दोन कोअर आणि चार थ्रेड, किंमत अवघी 64 डॉलर. कमी बजेटवाल्यांची ही लाडकी जोडी ठरली.

मग क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी बाजारातली कार्डं उचलायला सुरुवात केली आणि भाव चढले. नेमक्या त्याच काळात, फेब्रुवारी 2018 मध्ये, एएमडीने रायझन 3 2200जी हा प्रोसेसर आणला. 99 डॉलरमध्ये चार कोअर आणि खेळण्याजोगे ग्राफिक्स आतच. वेगळ्या कार्डाचा खर्चच वाचला. एक पथ्य मात्र होतं. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच भागवतात. म्हणून 8 जीबीच्या एका रॅमपेक्षा 4 जीबीच्या दोन लावल्या की गेम बराच सुरळीत चाले.

त्याच वर्षअखेरीला विंचूरशेजारच्या नैताळे गावच्या एका शेतकऱ्याला 750 किलो कांद्याचे 1,064 रुपये मिळाले. ते त्याने निषेध म्हणून पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले. डॉलर तेव्हा 70 रुपयांच्या आसपास होता. म्हणजे त्या भावाने, कर न धरताही, एका 2200जीसाठी जवळपास 49 क्विंटल कांदा विकावा लागला असता.

2020 च्या जूनमध्ये व्हॅलोरंट हा पीसी गेम आला. फुकट, आणि साध्या मशीनवरही चालणारा. सप्टेंबरात पब्जी मोबाइलवर बंदी आली. पीसीकडे ओढा वाढावा असे हे दिवस, पण टाळेबंदी, चिपचा तुटवडा आणि मायनिंगची दुसरी लाट यांत कार्डांचे भाव पुन्हा आवाक्याबाहेर गेले. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग थांबलं आणि वापरलेली कार्डं बाजारात आली. अशा कार्डाचा पंखा खरखरतो का, तासभर गेम चालवल्यावर ते किती तापतं, हे पैसे देण्याआधीच पाहायला हवं.

या सगळ्यात सर्वाधिक दुर्लक्ष झालं ते एसएमपीएसकडे, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त डब्यावर मोठ्या अक्षरात ‘450 वॉट’ लिहिलेलं असतं. स्टिकरवरचा 12 व्होल्टचा रकाना वाचावा. तिथे 16 अँपिअर असेल, तर प्रोसेसर आणि कार्डासाठी मिळणारी खरी ताकद 192 वॉटच. त्यात गावाकडची वीज: मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, अर्थिंग कच्चं असेल तर कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. हलका एसएमपीएस जळताना मदरबोर्डलाही सोबत नेऊ शकतो.

मागे वळून पाहता टिकले ते दोनच खर्च. एक चांगल्या एसएमपीएसचा आणि दुसरा मदरबोर्डचा. 2018 च्या बी450 बोर्डावर बायोस अपडेट करून 2022 चा रायझन 5 5600 बसतो, रॅमही तीच चालते. जी4560 वाल्यांना ही सोय मिळाली नाही. शिवाय विंडोज 11 च्या अधिकृत यादीत तो प्रोसेसर नाही आणि विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

2025 च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी वाढवली आणि रॅम महागली. म्हणून यंदा पट्टी हातात आल्यावर जुनी डीडीआर4 रॅम विकू नका, आणि नवं काही घेण्याआधी वायरमनकडून घरातलं अर्थिंग तपासून घ्या.