प्रचारसभांतील निदर्शने आणि उमेदवारांचा प्रतिसाद

प्रचारसभांतील निदर्शने म्हणजे निवडणुकीच्या काळात उमेदवाराच्या सभेत, पदयात्रेत किंवा रोड शोमध्ये विरोधकांनी, असंतुष्ट मतदारांनी किंवा एखाद्या चळवळीच्या कार्यकर्त्यांनी केलेला जाहीर विरोध. घोषणा देणे, भाषणात मध्येच प्रश्न विचारणे, काळे झेंडे दाखवणे, फलक उंचावणे, व्यासपीठाचा ताबा घेणे, अंडी किंवा शाई फेकणे अशी त्याची अनेक रूपे आहेत. अशा प्रसंगी उमेदवार कसा वागतो, हा राज्यशास्त्राच्या व प्रचारतंत्राच्या अभ्यासकांच्या आस्थेचा विषय आहे. प्रचारातील जवळजवळ प्रत्येक वाक्य आधी लिहून ठेवलेले असते. निदर्शकाला द्यायचे उत्तर मात्र बहुधा जागच्या जागी सुचावे लागते.

संकल्पना

मराठीत ‘प्रश्न विचारणे’, ‘व्यत्यय आणणे’ आणि ‘सभा उधळणे’ असे तीन वेगळे शब्दप्रयोग आहेत, आणि हा भेद या विषयात महत्त्वाचा ठरतो. पहिल्या प्रकारात वक्त्याचे बोलणे चालू राहते आणि त्याला उत्तर देण्याची संधी मिळते. तिसऱ्या प्रकारात बोलणेच अशक्य होते. बहुतेक देशांतील कायदे पहिल्याला हात लावत नाहीत व तिसऱ्याला गुन्हा मानतात. मधला प्रकार कोठे मोडतो, हे पुष्कळदा त्या सभेतील पोलीस अधिकाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते.

उमेदवारांचे प्रतिसादही ठोकळमानाने ओळखता येतात: दुर्लक्ष करून भाषण पुढे नेणे, विनोदाने परतवणे, निदर्शकाला बोलू देणे, त्याला बाहेर काढण्यास सांगणे, किंवा त्याच्या विरोधाचाच प्रचारासाठी उपयोग करणे. एकाच नेत्याने वेगवेगळ्या प्रसंगी यांतील अनेक मार्ग वापरल्याची उदाहरणे आहेत.

ब्रिटन

ब्रिटनमध्ये भाषणाच्या मध्येच श्रोत्याने शेरा मारणे आणि वक्त्याने त्याला तितकेच चटकदार उत्तर देणे, ही जुनी राजकीय परंपरा आहे. मात्र प्रश्न विचारणारी व्यक्ती स्त्री असली की ही परंपरा चालत नसे. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधील लिबरल पक्षाच्या सभेत क्रिस्टाबेल पँकहर्स्ट आणि अॅनी केनी यांनी, लिबरल सरकार आल्यास स्त्रियांना मताधिकार देईल काय, असा प्रश्न विचारला. प्रमुख वक्ते सर एडवर्ड ग्रे यांनी उत्तर दिले नाही. प्रश्न लेखी पाठवल्यानंतरही उत्तर मिळाले नाही आणि दोघींना सभागृहाबाहेर काढण्यात आले. दंड भरण्यास नकार देऊन त्या तुरुंगात गेल्या. ज्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता आले असते, तो या मौनामुळे देशभर गाजला.

त्यानंतर लिबरल मंत्र्यांच्या सभांमध्ये असे व्यत्यय वारंवार येऊ लागले. आयोजकांनी अनेक सभांना स्त्रियांना प्रवेश नाकारला किंवा प्रवेशपत्रिका सक्तीची केली. संसदेने १९०८ मध्ये सार्वजनिक सभांविषयीचा कायदा करून, सभेचे कामकाज रोखण्याच्या हेतूने गोंधळ घालणे हा गुन्हा ठरवला. या कायद्यातील शब्दयोजनेशी भारतीय कायद्यातील तरतुदीचे साम्य सहज लक्षात येते.

१९६४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत दोन पक्षनेत्यांमधील फरक दूरचित्रवाणीमुळे ठळकपणे दिसला. मजूर पक्षाचे हॅरल्ड विल्सन हजरजबाबी होते व शेरेबाजी त्यांना मानवत असे. नौदलाची गोदी असलेल्या चॅटम या गावी, ‘मी शाही नौदलावर एवढा भर का देतो?’ असे त्यांनी भाषणाच्या ओघात विचारले, तेव्हा एक श्रोता ओरडला, ‘कारण तुम्ही चॅटममध्ये आहात!’ हा प्रसंग विल्सन यांच्यावर उलटला असला तरी त्यांच्या सभांतील मोकळेपणाची खूण म्हणूनच तो सांगितला जातो. याउलट पंतप्रधान सर अॅलेक डग्लस-होम यांना बर्मिंगहॅमच्या बुल रिंग भागातील सभेत गोंगाटावर मात करता आली नाही. ओरडून बोलण्याचा प्रयत्न करणारा त्यांचा ओढलेला चेहरा घरोघरी दिसला. निवडणूक मजूर पक्षाने अगदी थोड्या बहुमताने जिंकली.

१६ मे २००१ रोजी वेल्समधील ऱ्हिल येथे उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांच्यावर एका निदर्शकाने अंडे फेकले आणि प्रेस्कॉट यांनी वळून त्याला ठोसा मारला. त्याच दिवशी मजूर पक्षाचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला होता, पण बातम्यांत ठोसाच राहिला. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी, जॉन हे जॉनच आहेत, अशा अर्थाचे बोलून विषय हसण्यावारी नेला. पक्षाला या घटनेचा निवडणुकीत तोटा झाला असे दिसत नाही.

अमेरिका: १९६८ ची निवडणूक

व्हिएतनाम युद्धामुळे १९६८ ची अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक या विषयाच्या अभ्यासासाठी विशेष समृद्ध आहे, कारण एकाच मोसमात एकाच प्रकारच्या निदर्शकांना चार उमेदवारांनी चार प्रकारे तोंड दिले.

अलाबामाचे माजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांना निदर्शक हवेच असत. लांब केसांच्या तरुणांना उद्देशून, तुम्हाला चार अक्षरी शिव्या येतात पण ‘काम’ आणि ‘साबण’ हे दोन चार अक्षरी शब्द तेवढे येत नाहीत, असा टोमणा ते मारत (इंग्रजीत हे दोन्ही शब्द चार अक्षरांचे आहेत). समोरचा जमाव यावर खूश होई. वॉलेस यांचा संदेश सुव्यवस्थेचा होता आणि अव्यवस्थेचे दर्शन निदर्शक स्वतःच घडवत.

रिपब्लिकन उमेदवार रिचर्ड निक्सन यांच्या सभांना प्रवेश नियंत्रित ठेवला जाई व दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांसाठी श्रोते निवडलेले असत. त्यामुळे त्यांना तुलनेने कमी व्यत्यय आला. मात्र निदर्शकांचा उपयोग त्यांनाही कळत होता. २९ ऑक्टोबर १९७० रोजी, मध्यावधी निवडणुकीच्या प्रचारात, सॅन होजे येथील सभेनंतर निक्सन मोटारीवर चढून बाहेरील जमावाला विजयाची खूण करून दाखवू लागले आणि त्यांच्या ताफ्यावर दगड व अंडी आली. त्यांचे सहायक एच. आर. हॉल्डमन यांच्या दैनंदिनीवरून असे दिसते, की सभागृहात कोणी निदर्शक नसल्याने बाहेर संघर्ष व्हावा म्हणून निघण्यास मुद्दाम थोडा उशीर केला गेला होता.

डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार एडमंड मस्की यांनी सप्टेंबर १९६८ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील वॉशिंग्टन या गावी निराळाच मार्ग निवडला. घोषणा देणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी सांगितले, की तुमच्यातील एकाने वर येऊन बोलावे, नंतर माझे ऐकून घ्यावे. एक विद्यार्थी वर आला आणि त्याने दोन्ही पक्षांवर टीका केली. त्यानंतर मस्की यांनी पोलंडहून आलेल्या आपल्या वडिलांची हकिकत सांगत उत्तर दिले व सभा शांतपणे पार पडली. या प्रसंगाने मस्की यांना राष्ट्रीय ओळख मिळाली. हा सौदा होता, उपकार नव्हता, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. बोलायला मिळाल्यावर ऐकण्याचे बंधन निदर्शकांनी पाळले.

अध्यक्षपदाचे उमेदवार ह्यूबर्ट हम्फ्री यांना अशी सुटका नव्हती, कारण विद्यमान उपाध्यक्ष या नात्याने युद्धाची जबाबदारी त्यांच्यावर येत होती. २८ सप्टेंबर रोजी सिअॅटल येथे त्यांना बोलणे जवळपास अशक्य झाले. दोन दिवसांनी सॉल्ट लेक सिटीहून केलेल्या दूरचित्रवाणी भाषणात त्यांनी उत्तर व्हिएतनामवरील बाँबफेक थांबवण्याची तयारी दर्शवली. त्यानंतर त्यांच्या सभांतील गोंधळ लक्षणीयरीत्या कमी झाला आणि, खरोखरच असे म्हणत असाल तर आम्ही सोबत आहोत, अशा आशयाचे फलक दिसू लागले. येथे उमेदवाराने उत्तर दिले ते व्यासपीठावरील शब्दांनी नव्हे, तर धोरणाने. तरीही निवडणूक निक्सन यांनी थोडक्या मताधिक्याने जिंकली.

अमेरिका: पुढील काळ

मार्च १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधील कार्यक्रमात एड्सग्रस्तांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका कार्यकर्त्याने बिल क्लिंटन यांना अडवले. ‘मला तुमच्या वेदना जाणवतात’ हे क्लिंटन यांच्या नावावर रूढ झालेले वाक्य त्याच वादावादीतील आहे. पुढे ते सहानुभूतीचे, आणि थट्टेचेही, प्रतीक झाले. मूळ प्रसंगी मात्र क्लिंटन चिडलेले होते व त्या कार्यकर्त्याला खडे बोल सुनावत होते, हे सहसा विसरले जाते.

८ ऑगस्ट २०१५ रोजी सिअॅटलमध्ये कृष्णवर्णीयांच्या चळवळीतील दोन महिलांनी बर्नी सँडर्स यांच्या हातचा माईक घेतला. सँडर्स बाजूला उभे राहिले आणि भाषण न करताच निघून गेले. लगेचच त्यांच्या प्रचारयंत्रणेने वांशिक न्यायाविषयीचा स्वतंत्र कार्यक्रम प्रसिद्ध केला. डॉनल्ड ट्रम्प यांनी सँडर्स यांच्या या वागण्याला दुबळेपणा म्हटले व आपण माईक कधीही देणार नाही असे सांगितले.

ट्रम्प यांच्या २०१५–१६ च्या सभांमध्ये निदर्शकांना बाहेर काढणे हा कार्यक्रमाचाच भाग बनला. सभेपूर्वीच्या सूचनेत श्रोत्यांना सांगितले जाई, की निदर्शकाला इजा करू नका, फलक डोक्यावर धरून ट्रम्प यांच्या नावाचा घोष करा, म्हणजे सुरक्षारक्षकांना जागा कळेल. व्यासपीठावरील भाषा मात्र याहून वेगळी होती. १ फेब्रुवारी २०१६ रोजी सीडर रॅपिड्स येथे, टोमॅटो फेकू पाहणाऱ्याला बडवा, वकिलाचा खर्च मी देईन, असे ते म्हणाले. ११ मार्च रोजी शिकागोतील सभा, आत व बाहेर दोन्ही बाजूंचे लोक समोरासमोर आल्याने, रद्द करावी लागली.

लुइव्हिल येथील १ मार्च २०१६ च्या सभेत धक्काबुक्की झालेल्या तिघा निदर्शकांनी ट्रम्प यांच्यावर दावा केला. त्यांना बाहेर काढा, असे ट्रम्प यांनी म्हटल्यामुळे जमावाने हल्ला केला, असे त्यांचे म्हणणे होते. संघीय अपील न्यायालयाने २०१८ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. त्या शब्दांत हिंसेचे आवाहन नव्हते, शिवाय त्यांना दुखवू नका असेही ट्रम्प म्हणाले होते, असे न्यायालयाने नमूद केले. चिथावणीविषयीच्या १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालाचा निकष येथे लागू झाला. या निकषानुसार भाषण तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्याच्या उद्देशाने केलेले आणि तसे घडण्याची शक्यता असलेले असावे लागते.

ऑगस्ट २०२४ मध्ये कमला हॅरिस यांनी दोन दिवसांच्या अंतराने दोन भिन्न उत्तरे दिली. डेट्रॉइटजवळ गाझा युद्धाविरुद्ध घोषणा देणाऱ्यांना त्या म्हणाल्या, की ट्रम्प जिंकावेत असे वाटत असेल तर तसे सांगा, नाहीतर सध्या मी बोलत आहे. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, परंतु टीकाही झाली. अॅरिझोनातील पुढील प्रसंगी त्यांनी निदर्शकांच्या भावनांचा आदर व्यक्त करून युद्धबंदी करार पूर्ण करण्याची वेळ आली आहे, असे सांगितले.

भारत

भारतात निदर्शनांची स्वतःची भाषा आहे. काळे झेंडे, ‘परत जा’च्या घोषणा, शाईफेक, चप्पलफेक आणि अलीकडे गावबंदी हे तिचे परिचित घटक होत. निवडणुकीचा प्रचार नसला तरी २० नोव्हेंबर १९५५ ची गिरगाव चौपाटीवरील सभा महाराष्ट्राच्या स्मृतीत ठळक आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला विरोध करणारे मोरारजी देसाई व स. का. पाटील यांचे बोलणे संतप्त जमावाने चालू दिले नाही आणि सभा उधळली गेली. वक्त्यांनी भाषा मवाळ केली नाही. दुसऱ्याच दिवशी मुंबईत मोर्च्यावर गोळीबार झाला. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मोठा फटका बसला.

८ फेब्रुवारी १९६७ रोजी भुवनेश्वर येथील प्रचारसभेत पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या नाकावर दगड लागून हाड मोडले. रक्त थांबवण्यासाठी रुमाल धरून त्या काही वेळ बोलत राहिल्या, आणि हा माझा नव्हे तर देशाचा अपमान आहे, अशा आशयाचे त्या म्हणाल्या. पुढील दौरा त्यांनी रद्द केला नाही. मलमपट्टी केलेल्या चेहऱ्याची त्यांची छायाचित्रे देशभर छापली गेली. ओडिशात मात्र काँग्रेसची सत्ता गेली.

८ एप्रिल २०१४ रोजी दिल्लीतील रोड शोमध्ये एका रिक्षाचालकाने अरविंद केजरीवाल यांना हार घातला आणि नंतर थप्पड मारली. केजरीवाल राजघाटावर जाऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी त्या चालकाच्या घरी जाऊन त्यांनी त्याला माफ केले. रिक्षाचालकांना दिलेली आश्वासने पाळली नाहीत ही त्याची तक्रार होती. क्षमेच्या बातमीत ती मागे पडली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी महाराष्ट्रातील अनेक गावांनी नेत्यांना प्रवेशबंदीचे फलक लावले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पंजाबमध्ये शेतकरी संघटनांनी भाजपच्या उमेदवारांना गावोगावी अडवून प्रश्न विचारले. या दोन्ही प्रकारांत उमेदवारापुढील पेच सभेतील व्यत्ययापेक्षा मोठा असतो, कारण उत्तर देण्यासाठी लागणारी सभाच भरत नाही.

भारतीय कायदा व आचारसंहिता

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७ नुसार, निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून मतदानापर्यंत मतदारसंघात होणाऱ्या राजकीय सभेचे कामकाज रोखण्यासाठी गैरशिस्त वर्तन करणे, किंवा इतरांना तसे करण्यास चिथावणे, हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सभेच्या अध्यक्षाने विनंती केल्यास पोलीस अधिकारी संशयिताला नाव व पत्ता विचारू शकतो. ते नाकारल्यास किंवा खोटे सांगितल्याचा वाजवी संशय आल्यास त्याला विनावॉरंट अटक करता येते.

निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिता यापेक्षा एक पाऊल पुढे जाते. एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी दुसऱ्याच्या सभेत तोंडी किंवा लेखी प्रश्न विचारून अथवा पत्रके वाटून अडथळा आणू नये, तसेच कोणाच्याही मताचा निषेध म्हणून त्याच्या घरासमोर निदर्शने करू नयेत, असे ती सांगते. गोंधळ घालणाऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी आयोजकांनी हजर पोलिसांची मदत घ्यावी, स्वतः कारवाई करू नये, अशीही त्यात स्पष्ट सूचना आहे. सभांतील प्रत्यक्ष वर्तनाशी या सूचनेचा मेळ पुष्कळदा बसत नाही. निदर्शकापर्यंत पोलिसांच्या आधी कार्यकर्तेच पोहोचतात, आणि व्यासपीठावरून त्यांना थांबवण्याचे शब्द आले की नाहीत हे ध्वनिचित्रफितीतून नंतर तपासले जाते.