तगरचे कापड

तेर म्हटले की आधी गोरोबाकाकांची समाधी आठवते. त्यांच्याही हजार-बाराशे वर्षे आधी तेरणाकाठचे हे गाव तगर नावाने परदेशी व्यापाऱ्यांना ठाऊक होते, आणि ते इथल्या कापडामुळे.

पेरिप्लसमधली नोंद

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ हे पुस्तक लिहिले. कोणत्या बंदरात काय विकते, काय मिळते, याची ती रोकडी माहिती. त्यात पैठणहून मौल्यवान खडे आणि तगरहून पुष्कळसे साधे कापड, नाना तऱ्हेची मलमल व ‘मोलोखिना’ भडोचला येते, असे म्हटले आहे. मोलोखिना हे नाव ज्या वनस्पतीवरून पडले, तिच्याच कुळात कापूस, भेंडी आणि अंबाडीही येतात. ते कापड नेमके कसे होते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

यातले साधे कापड मला सर्वांत मोलाचे वाटते. तलम वस्त्रांचे कौतुक सगळेच करतात. तगरच्या विणकरांनी रोजच्या वापरातले जाडेभरडे कापडही समुद्रापार खपेल असे विणले.

भडोचचा वळसा

भडोचहून पैठण 20 दिवस आणि तिथून तगर आणखी 10 दिवस. धड रस्ता नसलेल्या मुलखातून माल गाड्यांवर जाई. खरे तर कल्याण बंदर कितीतरी जवळ. पण सत्तासंघर्षात तिथला व्यापार अडवला गेला होता. चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. त्या राजकारणापायी तगरच्या कापडाला महिनाभराची वाट तुडवावी लागे.

तगर म्हणजेच तेर

तगर पैठणच्या पूर्वेला असल्याचे पेरिप्लस सांगतो. तेर आहे आग्नेयेला. त्यामुळे देवगिरी, जुन्नर असे तर्क बरेच झाले. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तेरचे नाव मांडले आणि ते मान्य झाले. शिलाहार राजे तर ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरूद अभिमानाने मिरवत.

मातीत काय उरले

कापड मातीत टिकत नाही. पण तेरच्या पांढरीच्या टेकाडांतून रोमन नाण्यांच्या नकलेचे मातीचे पदक, केओलिनच्या मूर्ती असे बरेच काही निघाले. गावातल्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती मुद्दाम पाहावी. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपेई शहरात 1938 साली अशीच भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. दोघींची घडण विलक्षण जुळते.