वस्तऱ्याचे टोक गोल हवे की चौकोनी?

एका निवृत्त गुरुजींचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा जर्मनीत असतो. तिथल्या झोलिंगन गावचे वस्तरे नावाजलेले. तसा एक तो वडिलांसाठी आणणार आहे. दुकानात टोकाचे निरनिराळे प्रकार आहेत, त्यांतला कोणता घेऊ, असे त्याने विचारले आहे. हा प्रश्न आरोग्याच्या सदरात कशाला, असे कोणी म्हणेल. पण वस्तऱ्याच्या जखमा बहुधा टोकानेच होतात, म्हणून तो इथे घेतला.

वस्तऱ्याची धार कातडीवर तिरपी, साधारण ३० अंशांत, धरून सरकवली की केस कापला जातो आणि कातडी बचावते. टोकाचे तसे नाही. तिथे हाताचा सगळा भार एका बिंदूवर येतो. शिवाय आरशात आपली नजर पात्याच्या मध्यावर असते आणि टोक तेवढ्यात कानाच्या पाळीला किंवा नाकपुडीला लागते.

चौकोनी टोकाचा कोपरा टोकदार असतो. नाकाखाली, मिशीची रेघ काढताना, कल्ले सरळ करताना तो फार उपयोगी. म्हणून सरावलेल्या कारागिराला तो आवडतो. गोल टोकाला कोपराच नसतो. हात जरा चुकला तरी ते रुतत नाही, मात्र मिशीची रेघ तितकी बारीक येत नाही. तिसरा प्रकार फ्रेंच टोकाचा, आणि फसगत होते ती इथे. पाठीकडून पाते छान वळत येते, त्यामुळे पाहणाऱ्याला ते गोल वाटते. धारेशी मात्र कोपरा टोकदारच असतो. काही गोल टोकांना पाठीच्या बाजूने छोटी खाच असते, तिच्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. पाहावयाचा तो धारेकडचा कोपरा. चौकोनी वस्तरा आधीच घरात असेल, तर जाणकाराकडून धार लावायच्या दगडावर तो कोपरा किंचित बोथट करून घेता येतो.

नवशिक्याने गोल टोकच घ्यावे, असे मी सांगितले असते. पण गुरुजींनी पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहे, की हृदयविकारानंतर त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. तेव्हा माझे उत्तर बदलते. अशा रुग्णाची बारीक जखमही बराच वेळ वाहत राहते. मधुमेही, हात कापणारे, चेहऱ्यावर पुटकुळ्या असलेले यांनीही उघडे पाते टाळावे. साधा सेफ्टी रेझर किंवा विजेचे यंत्र बरे. आणि दाढीसाठी म्हणून ती गोळी एक दिवसही बंद करू नये. हे मुद्दाम लिहितो, कारण असे करणारे मी पाहिले आहेत.

मग सलूनमध्ये जावे काय? जावे, पण डोळे उघडे ठेवून. तिथल्या वस्तऱ्यात अर्धे ब्लेड घालतात, त्याचेही कोपरे टोकदारच असतात. आपली गोळी कारागिराला आधी सांगावी आणि नवे ब्लेड आपल्यासमोर घालावयास लावावे. संकोच करू नये. ‘ब’ कावीळीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर, किमान ७ दिवस टिकू शकतो; वापरलेले पाते फडक्याने पुसून तो जात नाही. तुरटीने रक्त थांबते, जंतू मरतात असे समजू नये. सगळ्यांच्या गालावरून फिरणारा खडा तर नकोच; आपला खडा खिशात न्यावा. या कावीळीची लस मोठ्या माणसांनाही घेता येते, तिचे सहसा ३ डोस असतात.

गुरुजी, मुलाला वस्तऱ्याऐवजी चांगला ब्रश आणि साबण आणावयास सांगा. गरम पाण्याने दाढी नीट भिजवून, केसांच्या दिशेनेच, दाब न देता सेफ्टी रेझर फिरवा. जखम झालीच तर स्वच्छ कापड १० मिनिटे न उचलता दाबून धरा. तरीही रक्त वाहत असेल, तर दवाखाना गाठा.